चार जनुकं, एक नाव

शनिवारी संध्याकाळी भाचा बंगळुरूहून आला आणि चहा व्हायच्या आत लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी वाचावं अशी त्याची इच्छा होती. मी उभी हयात विकरांवर, म्हणजे एंझाइमांवर, काम करण्यात घालवली. तो जिवाणूंचे जनुकसंच संगणकावर वाचतो. मी नळ्या धुतल्या, त्यानं एकही धुतलेली नाही.

पहिल्याच पानावर तक्ता होता. आंबवलेल्या भाजीतून वेगळा केलेला एक लॅक्टिक जिवाणू, त्याच्यातली चार जनुकं आणि चौघांपुढे एकच शब्द: ‘पित्तक्षार हायड्रोलेज’. खाली निष्कर्ष: हा जिवाणू आतड्यातले पित्तक्षार तोडण्यात तरबेज असणार, म्हणून प्रोबायोटिक म्हणून उपयोगी ठरणार.

“हे कुणी पाहिलं?” मी विचारलं.

“काय?”

“हे चौघं पित्तक्षार तोडतात, ते.”

“मावशी, चौघांचाही अमिनो आम्लांचा क्रम ओळखीच्या पित्तक्षार हायड्रोलेजशी जुळतो. रचनेचं भाकीतही काढलं, तेही एकावर एक ठेवलं तर बसतं. मोक्याच्या जागचं सिस्टीन चौघांतही आहे. अजून काय पाहायचं?”

“सिस्टीन आहे म्हणजे कात्रीला पातं आहे. ती कापड कापते की पत्रा, हे पात्यावरून कसं ठरवलंस?”

तो हसला नाही. आपल्या कामावर त्याचा मनापासून विश्वास आहे आणि मला ते आवडतं. “पातं नुसतं आहे असं नाही, खाचही तीच आहे,” तो म्हणाला. “प्रथिनाची रचना क्रमावरून सांगता येते, आणि त्या कामाला 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वीस कोटींहून जास्त रचना एका संग्रहात मोफत पडल्या आहेत. तू आयुष्यभरात किती विकरं तपासलीस?”

“नीट म्हणावीत अशी? अकरा.”

“मग सांग. अकरा करायला एक आयुष्य लागत असेल तर वीस कोटींचं काय?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण आधी त्याच्या चार जनुकांकडे वळावं असं मला वाटलं, कारण हे घराणं माझ्या ओळखीचं होतं.

पित्तक्षार म्हणजे काय, तर यकृतात कोलेस्टेरॉलपासून तयार झालेलं एक मोठं आम्ल आणि त्याला जोडलेलं ग्लायसिन किंवा टॉरिन. दोघांमध्ये एक अमाइड बंध. पित्तक्षार हायड्रोलेज तो बंध पाण्यानं तोडतं. आता पेनिसिलिन व्ही घ्या. फिनॉक्सीअॅसिटिक आम्लाची बाजूची साखळी आणि 6-एपीए नावाचा गाभा, त्यांच्यामध्येही एक अमाइड बंध. तो तोडणाऱ्या विकराचं नाव पेनिसिलिन व्ही अॅसायलेज. दोन्ही विकरांत टोकाचं पहिलंच अमिनो आम्ल सिस्टीन असतं आणि तेच घाव घालतं. दोन्हींची घडण इतकी सारखी की एकच घराणं मानावं लागतं. पेनिसिलिन व्ही अॅसायलेजची स्फटिकरचना 1999 साली प्रसिद्ध झाली आणि त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. पुढे 2006 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून बायफिडोबॅक्टेरियमच्या पित्तक्षार हायड्रोलेजची रचना आली आणि नातं आणखी स्पष्ट झालं.

“म्हणजे माझंच म्हणणं,” तो म्हणाला. “एकच घराणं.”

“घराणं एक. पण सख्खे भाऊ एकच धंदा करतात का? लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचं उदाहरण तुला माहीत असायला हवं. माणसाच्या लाळेतून मिळालेला एक प्रकार, 2003 साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यातही चार जनुकं होती आणि चौघांना क्रमावरून पित्तक्षार हायड्रोलेज असंच नाव दिलं होतं. एक, दोन, तीन, चार असे आकडे लावून. नंतर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जनुकं काढून पाहिली, जास्त प्रमाणात बनवून पाहिली, पित्तक्षार दिले, पेनिसिलिन दिलं. 2008 मध्ये त्यांनी लिहिलं की पित्तक्षार तोडण्याचं काम मुख्यतः पहिलंच करतं. उरलेल्या तिघांची नावं बदलून त्यांना पेनिसिलिन अॅसायलेजच्या रांगेत बसवावं लागेल.”

तो स्क्रीनकडे बघत राहिला. “तो निबंध मी वाचलाय,” तो म्हणाला. “पण माझी चार वेगळी आहेत. आणि तेव्हा रचनेची भाकितं आजच्याइतकी चांगली नव्हती. समज, मी नावापुढे ‘संभाव्य’ लिहिलं. मग?”

“‘संभाव्य’ हा शब्द तुझ्या प्रबंधात राहील. तिथून दुसरा कुणीतरी तुझा क्रम उचलेल, आपल्या जनुकाशी जुळवेल आणि नाव लिहील. त्या नावात तो शब्द नसेल. तिसरा त्याचं बघून लिहील. तुझ्या पहिल्या जनुकाला तरी हे नाव कुठून मिळालं, शोधलंस का मागे जाऊन?”

त्यानं शोधलं. अर्धा तास लागला. जुळलेल्या पहिल्या सात नोंदींपैकी सहांना नाव दुसऱ्या नोंदीवरूनच मिळालेलं निघालं. एकाच ठिकाणी कुणीतरी नळीत विकर घालून पाहिलं होतं.

चहा गार झाला होता. मी पुन्हा केला.

“बरं,” तो म्हणाला, “आता तू सांग. तू काय केलं असतंस?”

हा माझा आवडीचा भाग, आणि या प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे असं मी मानते, म्हणून इथं मी बराच वेळ बोलले.

1894 मध्ये एमिल फिशरनं कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचा प्रयोग फारसा कुणाला आठवत नाही. त्यानं मिथाइल अल्कोहोल आणि ग्लुकोज जोडून दोन पदार्थ घेतले. दोघांत फरक एकाच कार्बनवर: जोडणी एकात अल्फा दिशेनं, दुसऱ्यात बीटा. मग दोन विकरं घेतली, एक यीस्टच्या अर्कातलं आणि दुसरं कडू बदामातलं. यीस्टवाल्यानं अल्फा तोडला, बीटाला हात लावला नाही. बदामवाल्यानं नेमकं उलट केलं. दोन विकरं, दोन साखरा, चार नळ्या. माझ्या दृष्टीनं विशिष्टतेचा प्रयोग म्हणजे हाच आराखडा, पुढं वाढेल तेवढा वाढवायचा.

“पण त्याचा यीस्टचा अर्क शुद्ध नव्हता,” भाचा म्हणाला. हे त्याला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. “तो त्याला इन्व्हर्टिन म्हणत होता. अल्फा जोडणी तोडणारं खरं विकर त्यातलं माल्टेज. म्हणजे तुझ्या आदर्श प्रयोगातही नावाचा घोळ आहे.”

“आहे. पण तक्ता टिकला की नाही? नाव चुकलं तरी चार चौकटींतलं ‘हो, नाही, नाही, हो’ खरं राहिलं. कारण जे ‘नाही’ आलं त्याच्या शेजारी त्याच साखरेचं ‘हो’ होतं. बीटा साखर खराब नव्हती, बदामानं ती तोडून दाखवली. यीस्टचा अर्क मेलेला नव्हता, त्यानं अल्फा तोडून दाखवली. प्रत्येक नकाराला साक्षीदार होता. तुझ्या तक्त्यात मात्र ‘नाही’ असं उत्तर यायची सोयच नाही. संगणक कमीजास्त जुळतं एवढंच सांगतो.”

यावर तो काही बोलला नाही. मी पुढं सांगत गेले.

आधी विकर शुद्ध हवं. हल्ली जनुक इ. कोलायमध्ये घालतात आणि प्रथिनाला सहा हिस्टिडीनचं शेपूट लावतात, म्हणजे ते निकेलच्या कॉलमवर अडकतं. सोयीचं आहे. पण या घराण्यात शेपूट पुढच्या टोकाला लावलं तर विकर मेलंच समजा, कारण घाव घालणारं सिस्टीन अगदी पहिल्या जागी मोकळं असावं लागतं. शेपूट मागच्या टोकालाच हवं. संगणकावरच्या चित्रात हे सिस्टीन छान दिसतं. ते नळीत मोकळं झालं की नाही, त्याचं गंधक हवेनं खराब झालं की नाही, हे चित्र सांगत नाही.

मग मापन. पेनिसिलिन व्ही तुटलं की 6-एपीए सुटतं. ठरावीक मिनिटांनी आम्ल घालून अभिक्रिया थांबवायची, पॅरा-डायमिथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड घालायचं, पिवळा रंग येतो, तो 415 नॅनोमीटरवर वाचायचा. पित्तक्षार तुटला की ग्लायसिन किंवा टॉरिन सुटतं. त्याला निनहायड्रिन देऊन उकळायचं, जांभळा रंग येतो, तो 570 वर. ऐकायला किती सोपं! पण निनहायड्रिनला ग्लायसिनचीच ओळख असते असं नाही, कुठलाही मोकळा अमाइन गट त्याला चालतो. कुणी सवयीनं ट्रिस बफर वापरला तर ट्रिसचाच रंग येतो आणि सगळ्या नळ्या जांभळ्या होतात, विकर घातलेल्याही आणि न घातलेल्याही. म्हणून इथं फॉस्फेट बफर. आणि म्हणूनच ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीच्या नळ्या: एक विकराशिवायची, एक सबस्ट्रेटशिवायची (सबस्ट्रेट म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ) आणि एक उकळून मारलेल्या विकराची.

“प्लेटवरही करतात ना?” त्यानं विचारलं. “पांढरं वलय येतं ते.”

“करतात, 1989 पासून. अगारमध्ये टॉरोडीऑक्सिकोलेट घालायचं. वसाहतीनं टॉरिन तोडलं की उरलेलं डीऑक्सिकोलिक आम्ल विरघळेनासं होतं आणि भोवती दुधाळ वलय उमटतं. बघायला फार सुंदर दिसतं. पण ते वलय पूर्ण जिवाणूचं उत्तर असतं. तुझ्या चार जनुकांपैकी कुणाचं, ते त्यावरून कळत नाही. शिवाय वलय दिसलं नाही म्हणजे बंध तुटला नाही असंही नाही, पदार्थ विरघळलेलाच राहिला असेल.”

मग त्याला मी माझीच एक गोष्ट सांगितली. घरात ती कुणाला माहीत नव्हती.

उमेदीच्या काळात माझ्याकडे या घराण्यातलं एक नवं जनुक आलं, प्लास्मिडवर, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, बसवलेलं. इ. कोलायमध्ये प्रथिन भरपूर तयार होत होतं, जेलवर जाड पट्टा दिसत होता. पेशींचा अर्क काढायचा, पेनिसिलिन व्ही घालायचं, रंग बघायचा. रंग येत नव्हता. तापमान बदललं, आम्लता बदलली, बफर बदलला. तीन महिने मी वहीत ‘क्रियाशीलता नाही’ असं लिहीत होते. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं उभ्याउभ्या विचारलं, “प्लास्मिडवर खूण कसली आहे?” माझ्या हातापायातलं बळ गेलं. खूण होती अँपिसिलिनला दाद न देण्याची. म्हणजे प्लास्मिडवर बीटा-लॅक्टमेज होतं. म्हणजे माझ्याच अर्कात एक दुसरं, फार चपळ विकर होतं, जे पेनिसिलिनचं चौकोनी कडं फोडून टाकत होतं. माझ्या विकराच्या वाट्याला अखंड पेनिसिलिन उरतच नव्हतं.

“मग ‘नाही’ चुकीचं निघालं,” तो हळूच म्हणाला.

“साफ चुकीचं. त्याच अर्कात ओळखीचं, चालू असलेलं अॅसायलेज चमचाभर घालून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेही चाललं नसतं आणि मी समजले असते की दोष अर्कात आहे. फिशरच्या तक्त्यातला साक्षीदार मी ठेवला नव्हता.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं जो मुद्दा काढला त्यासाठी त्याचं मला कौतुक वाटतं, कारण तो माझ्या सगळ्यात दुखऱ्या जागी लागला.

“मावशी, तू ज्याला पेनिसिलिन अॅसायलेज म्हणतेस, ते नाव कुणी दिलं?”

“ज्यांनी तपासलं त्यांनी.”

“आणि त्यांनी पेनिसिलिनच का दिलं त्याला? कारण कारखान्यांना 6-एपीए हवं होतं. बरोबर?”

बरोबर. 6-एपीए हा अँपिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन यांचा कच्चा माल. पूर्वी पेनिसिलिनची बाजूची साखळी रसायनांनी काढायची तर फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि उणे 40 अंशांची थंडी लागे. विकर तेच काम पाण्यात, कोमट तापमानाला करतं. आमच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पन्नाशीच्या दशकापासून पेनिसिलिन बनत होतं. पुण्यात बसून या विकरांवर काम करायचं म्हणजे पेनिसिलिनच हातात येणार.

“मग मला सांग,” तो म्हणाला, “मातीतला जिवाणू पेनिसिलिनचा अमाइड बंध तोडणारं विकर कशासाठी बाळगेल? पेनिसिलिनपासून वाचायचं असेल तर कडं फोडणारं बीटा-लॅक्टमेज आहे की. पेनिसिलिन हा त्याचा खरा सबस्ट्रेट नसणार. तुमच्या कपाटात पेनिसिलिनची बाटली होती, म्हणून ते पेनिसिलिन अॅसायलेज झालं. माझं नाव संगणकाच्या नकलेतून आलं, तुझं कपाटातून. फरक काय?”

आणि मग त्यानं 2017 चं काम काढलं. तेही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर केलेलं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंतली पेनिसिलिन व्ही अॅसायलेजेस घेऊन त्यांना वेगळाच पदार्थ दिला गेला: अॅसिल होमोसेरिन लॅक्टोन. हे जिवाणूंचे निरोपाचे रेणू. आपली संख्या किती झाली हे जिवाणू त्यांच्यावरून ओळखतात आणि पुरेसे जमले की एकजुटीनं हल्ला चढवतात. त्या रेणूतही अमाइड बंध असतो. विकरांनी तो तोडला आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा या घातक जिवाणूचा जोर कमी झाला.

हे काम मला माहीत होतं. पण त्यानं ज्या ओळीत ते मांडलं त्या ओळीत मी ते कधी वाचलं नव्हतं. ज्या घराण्याशी मी बारा वर्षं रोज बोलले, त्याला तो प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. माझी मापनं चुकीची नव्हती. पिवळा रंग खरा होता, आकडे आजही कुणी करून पाहावेत. पण माझ्या ट्रेमध्ये सहा बाटल्या होत्या आणि त्या सहांमधला पहिला नंबर मी ‘विशिष्टता’ म्हणून लिहून दिला होता.

“तुझं बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मग?”

“मग ट्रे मोठा करायचा. ट्रे फेकून द्यायचा नाही.”

त्याला वाटलं, मी मागे सरकले. म्हणून तो पुढं सरकला. “मला एक कळत नाही. समज, नाव थोडं इकडचं तिकडं झालं. प्रबंधात एक तक्ता चुकला. बिघडतं काय कुणाचं?”

यावर मी त्याला ग्लुकोजच्या पट्टीची हकिगत सांगितली. हे सांगताना मला आजही शांत राहता येत नाही.

बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजतात त्या पट्टीवर विकर असतं. काही पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज असतं. ते बीटा-ग्लुकोजच्या बाबतीत फार काटेकोर आहे, पण हवेतल्या आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा त्याच्या वाचनावर परिणाम होतो. म्हणून काही कंपन्यांनी दुसरं विकर घेतलं, पीक्यूक्यू नावाच्या साथीदारावर चालणारं ग्लुकोज डिहायड्रोजनेज. ऑक्सिजनची कटकट नाही, वेग उत्तम. पण ते माल्टोजही घेतं. निरोगी माणसाच्या रक्तात मोजण्यासारखं माल्टोज नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. मग मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पोटातून डायलिसिस करताना आयकोडेक्स्ट्रिन नावाचा द्रव वापरात आला. शरीरात तो मोडला की माल्टोज तयार होतं. पट्टीवरच्या विकरानं ते ग्लुकोज समजून मोजलं. आकडा चढलेला दिसला. प्रत्यक्षात साखर चढलेली नव्हती, काही वेळा तर घसरलेली होती. त्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन दिलं गेलं. 1997 ते 2009 या काळात अशा पट्ट्यांशी जोडलेल्या 13 मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाली आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इशारा काढला.

“त्या विकरानं काही चूक केली नव्हती,” मी म्हणाले. “ते नेहमी जे करायचं तेच करत होतं. आपण त्याला ‘ग्लुकोज’ असं आडनाव दिलं आणि त्या आडनावावर माणसं सोडली.”

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पण हे तर प्रयोगशाळेत माहीतच असणार ना, की ते माल्टोज घेतं?”

“माहीत होतं. म्हणून तर मला राग येतो. माहिती होती, ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचली नाही. आडनाव तेवढं पोचलं.”

जेवण झाल्यावर आम्ही पुन्हा बसलो. तो कागद घेऊन ट्रे आखू लागला. त्याची यादी माझ्यापेक्षा किती तरी चांगली होती, हे मला मान्य करावं लागलं. खाचेचा आकार पाहून त्यानं तीस पदार्थ सुचवले. त्यात पित्तक्षार सहा, पेनिसिलिनचे प्रकार तीन, निरोपाचे रेणू आठ आणि काही मेदाम्लांचे अमाइड, जे मला कधी सुचलेच नसते. प्रत्येकाचं 50 मिलिमोलर द्रावण करायचं आणि कोणाचा वेग सर्वांत जास्त ते बघायचं, असं त्यानं लिहिलं.

“इथं थांब,” मी म्हणाले. “सगळे पित्तक्षार तेवढे विरघळणारही नाहीत, आणि ते साबणासारखे एकत्र गोळा होतात. पण ते राहू दे. त्याहून मोठी चूक वेगळी आहे. एक विकर घे मनानं. पदार्थ अ भरपूर असेल तर ते सेकंदाला त्याचे 100 रेणू तोडतं, पण त्याचा के-एम 10 मिलिमोलर आहे, म्हणजे निम्मा वेग गाठायलासुद्धा एवढं प्रमाण लागतं. पदार्थ ब भरपूर असला तरी सेकंदाला 10 च रेणू, पण के-एम 0.1. वेगवेगळ्या नळ्यांत 50 मिलिमोलर घातलंस तर काय दिसेल?”

त्यानं तोंडानंच हिशेब केला. “अ चे 83, ब चे 10. अ आठपट सरस.”

“आता दोन्ही सारख्या प्रमाणात एकाच नळीत घाल.”

यावेळी त्याला कागद लागला. मग तो वर बघून म्हणाला, “ब दहापट वेगानं तुटेल.”

“आणि हे प्रमाण कितीही असलं तरी, दोन्ही सारखे असले की झालं. कारण एकाच विकरासाठी दोघं भांडत असतात तेव्हा कमाल वेग आणि के-एम यांचं गुणोत्तरच निकाल लावतं. आतड्यात पदार्थ एकेकटे वेगळ्या नळ्यांत नसतात. तुझा 50 मिलिमोलरचा ट्रे तुला अ चं नाव सांगेल आणि जिवाणू जगेल ब वर.”

हे मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी 1913 मध्ये बर्लिनमध्ये इन्व्हर्टेजवर घालून दिलेल्या वाटेवरूनच येतं: आम्लता बांधून ठेवायची, सबस्ट्रेटचं प्रमाण बदलत न्यायचं आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचा वेग मोजायचा. सुरुवातीचाच, कारण पुढं सबस्ट्रेट संपू लागतो, तयार झालेला पदार्थ विकराला अडवू लागतो, विकर स्वतःही थकतं. रात्रभर नळी ठेवून सकाळी रंग बघितला तर कूर्मगती सबस्ट्रेटही पूर्ण तुटलेला दिसतो आणि चपळ सबस्ट्रेटही. दोघं सारखेच वाटतात. मी त्याला म्हटलं, प्रत्येक पदार्थासाठी किमान सहा प्रमाणं, प्रत्येकाच्या तीन नळ्या आणि पहिल्या दहा टक्क्यांच्या आतली मापनं.

त्यानं गुणाकार केला. चार विकरं, तीस पदार्थ, सहा प्रमाणं, तीन वेळा. “दोन हजार एकशे साठ. आणि ब्लँक वेगळे. मावशी, मला डिसेंबरात प्रबंध द्यायचाय.”

“मग आधी एकाच कमी प्रमाणात तिसांची चाळणी लाव, वर आलेल्या पाचांवर पूर्ण काम कर.”

“आणि उरलेल्या पंचविसांपुढे काय लिहू?”

“‘या प्रमाणात, या आम्लतेला, या तापमानाला दिसलं नाही’ असं लिही. ‘नाही’ लिहू नकोस.”

“आणि ज्यांची चाळणी कधीच होणार नाही त्या वीस कोटींचं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. त्याचं म्हणणं असं की भाकितं सुधारत जातील आणि आमच्यासारख्यांनी मोजलेले आकडे हेच त्यांचं खाद्य असेल. म्हणून मापन थोडंच असलं तरी चालेल, ते विविध हवं. माझं म्हणणं असं की चुकीच्या नावांवर पोसलेलं भाकीत चुकीचंच वाढेल, म्हणून मापन थोडं असलं तरी खरं हवं. अकरा वाजेपर्यंत आम्ही यावर वाद घातला. दोघांपैकी कुणी हटलं नाही.

झोपायला जाण्याआधी त्यानं तक्त्यातला शब्द खोडला. चार जनुकांपुढे त्यानं त्यांचे नुसते आकडे ठेवले, आणि शेजारी चार रिकामे रकाने आखले: पित्तक्षार, पेनिसिलिन, निरोपाचे रेणू, इतर. मग काहीतरी आठवून त्यानं त्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. चारही जनुकं तिनंच इ. कोलायमध्ये घातली होती.

“जागी आहेस ना? एक विचारायचं होतं. आपल्या प्लास्मिडवर खूण कसली आहे?”

पलीकडून आलेलं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यानं फोन कानापासून थोडा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“अँपिसिलिन,” तो म्हणाला.

“मग आधी जनुकं कॅनामायसिनच्या प्लास्मिडमध्ये हलवा. आणि शेपूट मागच्या टोकाला आहे का, तेही विचारून घे.”

त्यानं विचारलं. ते पुढच्या टोकाला होतं.